नळाच्या रॅपला धरलेला फेर

मी वारली बाई आणि मी रॅप करते. डहाणूच्या बाजारात कुणी विचारलं की ते काय असतं, तर मी सांगते, भांडणच, फक्त तालात. तलासरीकडच्या माझ्या माहेरच्या पाड्यावर पहिल्यांदा गायले तेव्हा विषय होता आमचा नळ. नळ बसला, नारळ फुटला, फोटो निघाले, पाणी तेवढं आलं नाही. नारळ फोडणारे सरपंच समोरच खुर्चीवर बसले होते.

मुंबईत रॅपला लोक हात वर करतात. इथे बीट सुरू झालं तशा बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले आणि तारपा वाजल्यावर धरतात तसा माझ्याभोवती फेर धरला. जाताजाता सरपंचांनाही ओढलं. वाजायचं थांबेपर्यंत फेर सोडायचा नाही, ही आमची रीत. ती त्यांना ठाऊक होती आणि मलाही. मग मोबाइलवरचं बीट मी थांबूच दिलं नाही. नळाचं कडवं परत परत घेतलं.

अखेर माझाच घसा बसला. सरपंच घामाघूम होऊन खाली टेकले आणि म्हणाले, "पाणी द्या गं कुणीतरी."

माझ्या काकीने त्यांच्या हातात रिकामा तांब्या दिला आणि नळाकडे बोट दाखवलं.