आईने साबणाने धुतलेली वाम

माझा नवरा साव्हेरिओ इटलीतल्या कोसेन्झाच्या विद्यापीठात वामी सांभाळतो. हो, मासेच. त्यांचं हृदय काढून काचेच्या नळीला जोडायचं आणि ते एकटंच कसं धडधडतं ते मोजायचं, हा तिथला उद्योग. हृदयाला आतून पेशींचं अस्तर असतं, त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निघतो आणि हृदय जरा सैल पडतं. ते अस्तर काढायचं तर आतून साबणासारखं द्रावण फिरवतात. वीस वर्षं जेवताना हेच ऐकतेय मी. आई ऐकते आणि "वाढा जावईबापूंना" म्हणते, तेही टोमण्यानेच. त्याचं नाव तिने कधी घेतलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरोघर वाम तळतात, त्यामुळे बाजारात सकाळीच खडखडाट. त्यात विद्यापीठातल्या ऑर्नेला या पोरीच्या प्रबंधाचा एकच प्रयोग उरलेला, आणि साव्हेरिओने तिला शब्द दिलेला. शेवटची जिवंत वाम मिळवून हा पठ्ठ्या बादली दारात ठेवून कॉफी प्यायला आत आला.

आईला वाटलं, जावयाने सणाला आणली. तिने वाम टबात सोडली आणि बुळबुळ जावी म्हणून भांड्यांचा साबण लावून चोळली.

साव्हेरिओ टबापाशी मटकन बसला. "गेलं हिचं अस्तर. आई, तुम्ही पोरीचा प्रबंध धुतलात."

"मी मासा धुतला, जावईबापू. तुमचं डोकं धुवायचं राहिलंय."

त्याने रडवेल्या आवाजात ऑर्नेलाला फोन केला. ती म्हणाली, "काका, साबण बाहेरून लागला ना? हृदय आत असतं."

वीस वर्षांची नोकरी आणि ही अक्कल. मी हसून हसून भिंत धरली.

आई मात्र हटेना. "माझी वाम जाईल तिथे मी जाईन."

सगळे प्रयोगशाळेत गेलो. बोराएवढं हृदय नळीवर धडधडत होतं. ऑर्नेलाने अस्तरातून वायू सुटावा म्हणून औषध सोडलं, पडद्यावरची रेघ हळूच खाली आली. अस्तर शाबूत होतं. पोरगी रडायलाच लागली.

"हे किती वेळ चालेल?" आईने विचारलं.

"अजून चार तास. पण काम झालं, आता बंद करू," साव्हेरिओ म्हणाला.

"सणाच्या दिवशी?" आईने स्टूल ओढलं आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. "थांबेपर्यंत कोणी हलायचं नाही."

मला राग आला, पण उठले. घरून खारवलेल्या माशाचं पातेलं आणलं, चौघं तिथेच जेवलो. हृदय हळू हळू मंदावत होतं. आईने पाव मोडून अर्धा पुढे केला.

"घे रे, साव्हेरिओ."

त्याने पाव घेतला आणि बराच वेळ नुसता हातात धरून बसला.