वायरलेसची दुसरी बॅटरी

ती घटना आठवली, की आजही मला आधी हसू येतं आणि मग राग. सत्तरच्या दशकात मी वाशीमला फौजदार होतो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. ठाण्यातला वायरलेस सेट विजेवर चालायचा आणि लाइट गेली की बॅटरीवर. बॅटऱ्या दोन होत्या, आळीपाळीने एक ठाण्यात आणि दुसरी बाजारातल्या दुकानात चार्जिंगला. संदेश साठवून ठेवायची सोय त्यात नव्हती. सुटला तो सुटला.

एका संध्याकाळी लाइट गेली आणि बॅटरी जोडूनही सेट मुकाच राहिला. नेमका तेव्हाच अकोल्याहून नाकाबंदीचा संदेश आला होता. तो आम्हाला मिळालाच नाही आणि दरोडेखोरांची जीप आमच्या नाकावर टिच्चून निघून गेली. ऑपरेटरने बॅटरी चार्जच करून आणली नाही, असा ठपका वरिष्ठांनी ठेवला. त्याचं निलंबन ठरल्यातच जमा होतं. बौद्ध शेतमजुराचा हा मुलगा, घरातला पहिला पगारदार.

"साहेब, दुकानातून चार्ज झालेली मनूनच आनली म्या," एवढंच तो सांगत राहिला. मला तो खोटा वाटत नव्हता, पण आपल्या वाटण्याला कागदावर किंमत नसते.

दोन-चार दिवसांनी हद्दीतला एक पोलीस पाटील ठाण्यात आला. सेट मुका राहिला त्याच्या आदल्या रात्री तो इंझोरी गावात लग्नाला गेला होता. हसत म्हणाला, "साहेब, तिथं भोंग्याले तुमची बॅटरी लावेल होती. पांढऱ्या रंगानं 'पोलीस' लिहेल. मंडपाचा धंदा कवा सुरू केला तुमी?"

चार्जिंगच्या दुकानदाराला बोलावलं. आधी त्याने कानावर हात ठेवले. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि लगनसराईत धंदा कसा काय, असं विचारलं. गडी खुलला. खेड्यात वीज नाही, भोंग्यांना बॅटऱ्या पुरत नाहीत, असं रंगवून सांगू लागला.

"मग कमी पडल्या की कोणाची देता?"

त्याने कप खाली ठेवला. "साहेब, तुमची दुकानात पडून राह्यते. ठान्यात लाइट तं हायेच, मनलं यायले बॅटरी कायले लागते? रातभर लग्नात वाजली, सकाळी तशीच देऊन देल्ली."

जबानी नोंदवली, गुन्हा दाखल केला. ऑपरेटरचं निलंबन टळलं, आणि मला मनापासून बरं वाटलं.

अडीअडचणीसाठी राखलेली वस्तू लोकांना फुकट पडून असल्यासारखी वाटते, हे मी त्या चहावर शिकलो. ऑपरेटर माझ्याही पुढे गेला. रोज दुपारी तो स्वतःच मेन स्विच बंद करायचा आणि बॅटरीवर अकोल्याशी बोलून बघायचा. भर उन्हाळ्यात पंखा थांबला, तसा मी एकदा त्याच्यावर खेकसलो.

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आपल्या हातानं लाइट घालवून पाह्यली, का मंग तिच्या जान्याचं भेव नाई राह्यत."

मी टेबलावरची फाइल उचलली आणि वारा घेऊ लागलो.