डोळ्याखालचा भोवरा

घोडी व्याली आणि तिथंच गोठ्यात मेली. ओलं शिंगरू तिच्या थंड पोटाला तोंड घाशीत होतं. माझा दीर घोडी पारखणारा. त्यानं शिंगराचे पाय चाचपले, छाती बघितली. "पाय सरळ, छाती रुंद. बाजारात नाव काढील," म्हणाला. मग डोळ्याखाली केसांचा भोवरा दिसला, तसा त्यानं हात काढून घेतला.

"वहिनी, ही खोट वाईट. घराला रडवते. आल्या आल्या आईला खाल्लं बघा. दूध पाजू नका हिला."

"भाऊजी, मी जन्मले तेव्हा माझीही आई गेली. बघा, माझ्या डोळ्याखाली कुठं भोवरा आहे का?"

मी शेळी पिळली, चिंधी दुधात बुडवून शिंगराच्या तोंडात धरली.

माणूस पाय हातानं पारखतो आणि केस भीतीनं. केस कुठं वळावेत, हे काय जनावर ठरवतं?

ते शिंगरू आता म्हातारी घोडी झालं. तिच्या डोळ्यांवर चिलटं बसतात, ती मी पदरानं हाकलते. भोवरा बोटाला मऊ लागतो. आईवेगळ्या आम्ही दोघी जगलो.