माशाआधी मसाला

मासा अजून नदीतच होता आणि मी घरी मसाला वाटून मोकळा झालो होतो. लेस्टरहून मेहुणा आणि त्याची बायको जेवायला येणार होते आणि मी फोनवर फुशारकी मारली होती, "कालवण मी धरलेल्या ट्राउटचं!"

हॉस्पिटलमधला माझा इंग्लिश सहकारी मला नदीवर घेऊन गेला. पाण्याला भयंकर ओढ होती. अशा पाण्यात ट्राउट तळाशी, दगडाआड बसतो. म्हणून गळाला धातूचा मणी लावलेली नकली अळी सोडायची, म्हणजे ती झटकन बुडते. माझी बुडायची आणि दगडात अडकायची. दुपारपर्यंत मी नदीला बऱ्याच अळ्या वाहिल्या.

मग पुन्हा दोरी थबकली. वैतागून ओढली, तर दगड पळायला लागला!

मासा जाळीत आला. सहकाऱ्याने माझ्या हातात छोटा दांडका दिला. "डोक्यात एकच, जोरात."

मी आजवर बाजारात नुसतं बोट दाखवून "साफ करून द्या" म्हणणारा माणूस. मासा कल्ले हलवत होता.

"सोडला तर चालेल?"

"तुझा मासा, तुझी मर्जी."

माशाने शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवलं आणि तो गेला. मला इतकं हलकं वाटलं, की पाहुणे आठवले ते थेट गाडीत बसल्यावर.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, बरं झालं सोडलात," ती म्हणाली. "तुम्ही निघालात तेव्हाच मी फ्रीझरमधली पापलेटं बाहेर काढली होती."