दोन मनोऱ्यांची एकच सावली

घोळ प्यो इन्सूनेच घातला होता, तोही दीड वर्षापूर्वी, ऐन कंटाळ्यात. गांगवोनच्या डोंगरांत वणव्यावर नजर ठेवणाऱ्या चौक्या आहेत. तिथल्या वायरलेसचा आवाज मनोऱ्यांपर्यंत पोचेल का, हे कॉम्प्युटरवर आधी करून बघायचं काम त्याच्याकडे आलं. डोंगर आवाजावर सावली टाकतो. ती कुठे किती दाट, हे नेमकं कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून कॉम्प्युटर फासे टाकतो, म्हणजे नशिबावर आकडे धरून बघतो. इन्सूने दोन मनोऱ्यांसाठी वेगवेगळे फासे टाकले. एक झाकला गेला तर दुसरा आहेच की! नकाशा पोपटासारखा हिरवागार आला, म्हणजे आवाज सगळीकडून पोचणार, तिसऱ्या मनोऱ्याचा खर्च वाचला आणि साहेबांनी खूश होऊन त्याला जेवायला नेलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी वाऱ्याने खिडक्या खडखडत होत्या. दुसऱ्याच कामासाठी त्याने फासे एकमेकांना बांधून टाकले होते: मनोरे दोन असले तरी वाटेतला कडा एकच असेल, तर दोघांवर सावली एकदमच पडणार. सहज म्हणून त्याने जुना नकाशा त्यातून काढला. सात नंबरच्या चौकीवर काळा डाग उमटला. शिवाय त्याच लहरीवर बोलणाऱ्या शेजारच्या जिल्ह्याच्या मनोऱ्यावर मात्र ही सावली पडत नव्हती. म्हणजे चौकीतली हाक त्या गोंगाटात बुडणार.

त्या चौकीत बहात्तर वर्षांच्या मेंग बुनी आजी एकट्या बसायच्या.

पण वायरलेसवरच्या दर तासाच्या हजेरीला दीड वर्षं उत्तर येतंय, ते कसं? तेवढ्या आशेवर त्याने नियंत्रण कक्षात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, येतं की नेमाने. दोनच्या हजेरीला मात्र आलं नाही, डुलकी लागली असेल. कुणाला तरी वर पाठवा, असं त्याने विनवलं, तर त्या हसल्या. "तुमच्याच नकाशात हिरवं आहे ना?"

मग तो स्वतःच निघाला. गाडी पायथ्याशी टाकून चढताना त्याला जळक्या गवताचा वास आला आणि तो झपाझप चढू लागला. चौकीचं दार वाऱ्यावर आपटत होतं, आत कुणी नव्हतं. मागून एक पायवाट उतरत होती, कुठल्याच नकाशात नसलेली, पण रोज तुडवलेली. तो आजींना हाका मारत धावला. हाका वारा खात होता.

निम्म्या वाटेवर आजी बसल्या होत्या, मांडीवर वायरलेस, घोटा मुरगळून दुधी भोपळ्याएवढा सुजलेला.

"कोण रे तू? वनखात्याचा?"

"नाही आजी. तो नकाशा... मी केलाय."

"अस्सं. म्हणजे मला बहिरं यंत्र देणारा तूच."

खालच्या पाईनच्या झाडाशी आवाज लागायचा. दर तासाला दोनशे पावलं उतरून आजी हजेरी द्यायच्या आणि पुन्हा चढायच्या. तक्रार केली असती तर चौकी बंद झाली असती. मग घरी काय भिंतीला हजेरी देऊ, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी हनुवटीने दरीकडे दाखवलं. कुणीतरी शेताचे बांध जाळायला घेतले होते आणि धूर झाडीकडे सरकत होता.

"माझ्याकडे काय बघतोस? माझा पाय कुठे पळत नाही. धूर पळतोय."

इन्सू वायरलेस घेऊन झाडाशी पोचला. पहिल्या हाकेला शेजारच्या जिल्ह्यातले रस्ता करणारे डांबराबद्दल भांडताना ऐकू आले. दुसऱ्या हाकेलाही तेच. त्याला वाटलं, हेही झाड आता काळ्या डागात गेलं. तिसऱ्यांदा कक्षातल्या बाई ओ देत्या झाल्या.

"सात नंबर? हा आजींचा आवाज नाही."

"नाही. पण धूर खरा आहे."

हेलिकॉप्टर आलं. आग झाडीच्या तोंडाशी विझली. आजींना पाठुंगळी घेऊन इन्सू उतरू लागला. ओढ्यात पाय घसरला, दोघं वाचली, आजींचा एक बूट मात्र वाहून गेला. नवा जोड आणून देतो, असं तो म्हणाला.

आठवड्याभरात त्याने नकाशा चुकल्याचं स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं. तिसरा मनोरा मंजूर झाला, पुढच्या वर्षासाठी. तोवर सात नंबरची चौकी बंद, आजी घरी.

बुटांचा जोड त्याने घेतलाय. तो गाडीच्या मागच्या सीटवर पडून आहे. आजींच्या गावच्या फाट्यापर्यंत इन्सू दोनदा जाऊन परत आलाय.