साखर नसलेल्यांची गोळी

दुपारची जेवणं आटोपली आहेत. लीलाबाई पलंगावर उशांची चळत करून टेकून बसल्या आहेत, कारण आडवं झालं की दम लागतो. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. सून नयना कामाला जाताना उशाशी गोळ्यांची स्ट्रिप ठेवून गेली आहे. तिच्यातली एकही गोळी निघालेली नाही.

"मला साखर नाही," लीलाबाई मिटल्या डोळ्यांनीच स्ट्रिपला बजावतात. "आक्कांना हीच देऊन मारलंत."

आक्का म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई. गेल्या वर्षी हृदय थकून गेल्या. साखर नसलेल्या बाईला डॉक्टरनं साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी दिली म्हणून गेल्या, असं लीलाबाई अख्ख्या विटा गावाला सांगत आल्या आहेत.

पाठीमागची उशी सरकते आणि तिथे भिंत येते. दवाखान्याची, हिरव्या ऑइलपेंटची. बाकावर शेजारी आक्का बसल्या आहेत. पदर खोचलेला, कपाळाला आठी.

"आलीस? किती खोळंबायचं माणसानं?"

"आक्का, तुम्ही गेलात ना?"

"गेले. म्हणून काय नंबर सोडायचा?"

आतून कंपाउंडर येतो. नाव पुकारायचं सोडून तो जिलब्यांची परात घेऊन वाढायला लागतो. बाकांपुढे केळीची पानं मांडली आहेत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सगळ्यांच्या पानांत जिलबी पडते. आक्कांच्या पानावर मात्र त्याचा हात थबकतो.

"तुमचं साखरेचं ना, बाई?"

"माझं? आमच्या सात पिढ्यांत साखर नाही!"

पण तो पुढच्या पानाशी पोचलेला असतो.

"बघितलंस?" आक्कांच्या नाकपुड्या फुलतात. "याचाच धसका घेतला होता मी. शेजारच्या शेवंताच्या पानातली जिलबी मी उचलायचे, 'तुला साखर, तू खाऊ नकोस' म्हणून. आणि तो डॉक्टर मला म्हणतो, ही साखरेची गोळी, उद्यापासून चालू करा. बाहेर बसलेल्या चारचौघींना ऐकू जाईल असं!"

"तरी तुम्ही घेतलीत. म्हणून तर हे झालं."

"कोण घेत होतं?"

लीलाबाई बाकावर त्यांच्याकडे वळून बसतात.

"तोंडात टाकायची," आक्का म्हणतात, "तू पाठ फिरवलीस की मोरीत थुंकायची. रोज."

लीलाबाईंच्या अंगाचा तिळपापड होतो. "आणि मी इकडे त्या डॉक्टरचा उद्धार करत बसलेय! भाऊजींनी त्याच्या दवाखान्याची पायरी सोडली. गोळीनं माणूस खाल्लं, असं गावभर सांगितलं मी, आक्का!"

"छान केलंस. आता तूही मर, म्हणजे गावाची खात्रीच पटेल."

"काहीतरीच तुमचं बोलणं!"

"मग घेत का नाहीस? कुणी काही सांगितलं नाही का तुला?"

"नयनानं सांगितलं की." लीलाबाई आवाज उतरवतात. "म्हणाली, गोळी निघाली ती साखरेसाठीच. पुढं लक्षात आलं, ती घेणाऱ्यांची हृदयंही सावरतायत. मग साखर नसलेल्या, पण हृदय थकलेल्या लोकांना देऊन पाहिली. त्यांनाही गुण आला. अंगातलं जादाचं मीठपाणी लघवीवाटे जातं, हृदयावरचा भार उतरतो. आणखीही काही होतं, पण ते डॉक्टरांनाही अजून नीट उलगडलेलं नाही म्हणे."

आक्का उठून उभ्या राहतात.

"एवढंच? 'बाई, ही हृदयासाठी आहे', एवढंच म्हणायचं होतं? एक वाक्य! काय झालं होतं त्याच्या जिभेला? मी मोरीत काय थुंकत होते, ते मला मेल्यावर कळायचं होय!"

त्यांच्या आवाजानं केळीची पानं उडतात, आणि ऊन लख्ख होतं. दोघी गच्चीवर आहेत. मधे उडदाच्या पापडाचं पीठ. जिना चढल्याचं लीलाबाईंना आठवत नाही. दमही लागलेला नाही.

आक्का एक लाटी तोडतात, अंगठा दाबतात. खळगा पडतो आणि तसाच राहतो.

"पाय दे इकडे."

"सूज नाही ती. उकाड्यानं पाय जड होतात."

"दे म्हटलं ना!"

आक्कांचा अंगठा रुंद आहे, पीठ कुटून चपटा झालेला. घोट्याच्या वर, नडगीवर तो रुततो आणि रुततच जातो.

"ही बघ दुसरी लाटी."

"सोडा आक्का, दुखतंय!"

"दुखू दे. डॉक्टरनं नाही समजावलं मला. तुला समजावलंय, तरी तू बसून आहेस. तुझा राग जास्त येतो मला."

खालचे यंत्रमाग एकदम खडखडायला लागतात आणि लीलाबाई दचकून जाग्या होतात. वीज आलेली असते. खोली तीच, उशा त्याच, समोर एक रिकामी खुर्ची. नडगी ठसठसते आहे.

त्या लुगडं वर सारतात. घोट्याच्या वर खळगा आहे, खोल आणि गोल. लीलाबाई त्यात आपला अंगठा ठेवून पाहतात. तो सैल बसतो. दोन्ही बाजूंना जागा उरते.

त्या स्ट्रिप ओढून घेतात, गोळी काढतात, घटाघटा पाणी पितात. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तोंड उघडतात आणि जीभ वर करून दाखवतात.

खळगा अजून भरून आलेला नसतो.