मामींचा गार चहा

माझ्या मामेसासऱ्यांनी गेल्या सहा उन्हाळ्यांत एकही फळ सुखासुखी खाल्लेलं नाही. हातात फळ आलं की आपण ते सोलतो, चिरतो, फार तर तिखट-मीठ लावतो. मामा ते नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि हे चहात कसं लागेल याचा विचार करत बसतात. तीस वर्षं डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळून ते निवृत्त झाले. निवृत्त माणसं कुंड्यांत मिरच्या लावतात, नाहीतर कट्ट्यावर बसून देश चालवतात. मामांनी ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत फळांचा गार चहा करायला घेतला. त्यामागे त्यांची एकच इच्छा होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही: मामींनी एक पूर्ण ग्लास, खाली बसून, शेवटच्या घोटापर्यंत प्यावा. आम्ही बाकीचे सगळे प्रयोगाचे उंदीर. मामी मात्र उभ्याउभ्याच एक घोट घ्यायच्या, "ठीक आहे" म्हणायच्या आणि कुकर लावायला निघून जायच्या.

प्रयोगशाळा सुटली तरी शिस्त सुटली नव्हती. चहा उकळलेला त्यांना खपत नाही, कडवटपणा उतरतो म्हणे. चहापुडीची मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची, ती गार पाण्याच्या बरणीत सोडायची आणि बरणी रात्रभर फ्रिजमध्ये. त्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीला जागा उरली नाही. मामींचं इडलीचं पीठ शेजारणीकडे राहायला गेलं आणि इडलीपात्र बर्फ लावायला फ्रीझरमध्ये गेलं. त्यामुळे त्या घरी ग्लासात चौकोनी तुकडा कधी पडत नाही, बर्फाची इडली तरंगते. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: "नमुना ४१, करवंद, आंबट." "नमुना ४४, ताडगोळा, निष्फळ." फणसाच्या वेळी तिसऱ्या मजल्यापर्यंतची माणसं आपापले गॅस तपासून आली. जांभळाच्या वेळी माझ्या नवऱ्याची जीभ दोन दिवस जांभळी राहिली आणि ऑफिसात त्याने तोंड मिटून काम केलं. मला त्यात वाईट काही दिसलं नाही. चव घेतली की मामा लगेच कागद पुढे करतात. रंग, वास, चव, शेरा. एकदा नवऱ्याने शेऱ्यात "बरा आहे" लिहिलं, तर मामा म्हणाले, "बरा म्हणजे किती? दहापैकी सांग."

मागच्या चैत्रात मामींनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं. मदतीला म्हणून मी ठाण्याहून आदल्या दिवशीच गेले होते. गौर झोपाळ्यावर बसली, कलिंगडाची कमळं झाली, आंब्याची डाळ वाटून झाली. मामींनी कैऱ्या उकडून, गर काढून, गूळ-वेलची घालून पातेलं ओट्यावर ठेवलं. आता फक्त पाणी घालायचं की पन्हं तयार. आणि त्या दिवशी पाणी आलं नाही. तीनला येणार म्हणाले, चार वाजले, पिंपात तळाशी तांब्याभर उरलेलं. मामी साडी नेसायला आत गेल्या आणि जाताना मामांना म्हणाल्या, "अहो, पाण्याचं तेवढं बघा." मामांनी पाहिलं. घरात पातळ असं एकच होतं, आणि ते होतं अकरा बाटल्या. त्यांनी गरात त्यातल्या फिकटातल्या फिकट सात बाटल्या ओतल्या. गुळाने रंग तसाही तपकिरीच होता. मी पन्ह्यासाठी बाहेर ग्लास मांडत होते. मला यातलं काही कळलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

एरवी हळदीकुंकवाला आलेली बाई दहा मिनिटांत ओटी घेऊन उठते. त्या दिवशी कोणी उठेना. दुसरा ग्लास, मग तिसरा. सगळ्यांना एकदम इतकं बोलायला सुचलं की गौरीलाही झोप लागली नसती. सगळ्यांत जास्त खुलल्या होत्या पहिल्या मजल्यावरच्या आजी. एरवी कोणाच्या घरी घोटभर पाण्यापलीकडे न घेणाऱ्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी तीन ग्लास घेतले आणि मामींचा हात धरून म्हणाल्या, "असं पन्हं मी जन्मात प्यायले नाही गं." मामींचा चेहरा फुलला. सगळ्या गेल्यावर पातेल्यात उरलेलं अर्धा ग्लास पन्हं त्यांनी तोंडाला लावलं, आणि एका घोटातच तो चेहरा उतरला. दाराच्या पडद्याआड मामांचे पाय दिसत होते. तिकडे बघून त्या अगदी हळू म्हणाल्या, "आजींनी काशीला चहा सोडलाय. अठरा वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी मामी मामांशी माझ्यामार्फत बोलत होत्या. "त्यांना सांग, बाटल्या उद्याच्या उद्या घराबाहेर गेल्या पाहिजेत." मामा दोन हातांवर असूनही मी सांगितलं. ते खुर्चीवर बसून एकेका बाटलीवरची चिठ्ठी ओली करून सोलत राहिले. मला फार वाईट वाटलं. हा माणूस फणसाच्या वेळीसुद्धा खचला नव्हता.

चारच्या सुमारास दारात आजी. हातात स्टीलचा तांब्या. "कालचं पन्हं उरलंय का गं?" मामी पांढऱ्या पडल्या. मामा उठले, हात जोडले आणि जे घडलं ते सातही बाटल्यांच्या नमुना क्रमांकांसकट सांगून टाकलं. आजींनी ऐकून घेतलं.

"पहिल्या घोटालाच कळलं मला," त्या म्हणाल्या.

"मग तीन ग्लास?" हे मी विचारलं. राहवलं नाही.

"पहिला गौरीचा प्रसाद, टाकायचा कसा? दुसरा खात्री करायला घेतला."

"आणि तिसरा?"

"तिसरा प्यायले." त्यांनी तांब्या मामांपुढे धरला. "काशीला मी सोडला त्या चहात दूध होतं. यात नाही. भर." मग मामींकडे वळून म्हणाल्या, "तू का गं उभी? बस आणि घे."

आजींपुढे मामींचं काही चालत नाही. त्या बसल्या. मामांनी उरलेल्या चार बाटल्यांतली कैरीच्या चहाची काढली, आजींचा तांब्या भरला, मग एक ग्लास भरला, त्यात बर्फाची इडली सोडली आणि दिला. मामी प्यायल्या. थांबत थांबत, पण पूर्ण. मामा कागद आणायलाही विसरले. "छत्तीस वर्षं बघतोय," ते आजींना म्हणाले, पण बोलणं मामींसाठीच होतं. "सगळ्यांच्या हातात कप देईपर्यंत हिचा चहा गार. ओट्यावर बशीखाली झाकलेला. तसाच पिते. म्हटलं, गरम काही हिच्या नशिबात नाही, निदान गार तरी चांगला मिळावा."

मला एकदम आठवलं, आमच्या लग्नापासून मी त्या घरी कितीदा चहा प्यायले, आणि मामींना माझ्यासोबत पिताना कधीच पाहिलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

मामींनी ग्लास खाली ठेवला. "छान झालाय," त्या म्हणाल्या. "पण अहो, एवढा सहा वर्षं उद्योग केलात, त्यापेक्षा एकदा उठून माझा कप गरम करून दिला असतात तर?"

मामांनी एवढे नमुने काढले, त्यात हा नव्हता.

हल्ली ते रोज चारला स्वतः चहा उकळतात, कडवटपणा उतरला तरी, आणि पहिला कप मामींच्या हातात देतात. मामी तो घेतात, ओट्यावर ठेवतात, वर बशी झाकतात आणि वाळत घातलेले कपडे काढायला जातात. इतक्या वर्षांची सवय, ती आता कुठे जाणार. मामा रागावत नाहीत. आपला गार चहाचा ग्लास घेऊन ते ओट्याशी उभे राहतात आणि मामींचा कप गार होईपर्यंत थांबतात. मग दोघं बरोबर पितात.